अंगणातील कोंबड्या आणि परिसरातील वनस्पती : उपकारक कोणत्या, अपायकारक कोणत्या

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुका हा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा मुलूख आहे. येथील बहुतेक शेतकरी कुटुंबांच्या अंगणात पाचदहा कोंबड्या असतात. त्यांच्यासाठी वेगळे खाद्य क्वचितच विकत आणले जाते. खळ्यावर सांडलेला धान, तांदळाची कणी, कोंडा, स्वयंपाकघरातील उरलेसुरले आणि परसात मिळणारे किडे व हिरवळ यांवर त्यांचा निर्वाह होतो. अंडी आणि कोंबडे विकून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हातात राहतो. मुलांची वह्यापुस्तके, औषधपाणी, सणवार अशा गरजा त्यातून भागतात. म्हणून एका दिवसात आठदहा कोंबड्या दगावल्या तर शहरी माणसाला क्षुल्लक वाटणारे हे नुकसान त्या घराला मोठे असते.

कोंबड्या मेल्या की गावात दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. कोणी म्हणतो, ‘रोग आला’. कोणी म्हणतो, ‘काहीतरी विषारी खाल्ले’. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात, परंतु त्यांवरील उपाय निराळे आहेत. रोग असेल तर लस व स्वच्छता हवी. विषबाधा असेल तर खाद्य बदलावयास हवे. परिसरातील कोणती झाडेझुडपे कोंबड्यांना चालतात, कोणती चालत नाहीत, आणि विष पक्ष्याच्या पोटात नेमके कोणत्या वाटेने जाते, हे समजून घेतल्यास यांतील बरेचसे नुकसान टाळता येते.

पक्षी विष केव्हा खातो

परसात कण्हेर, रुई, एरंड, धोतरा अशी विषारी झाडे वर्षानुवर्षे उभी असतात आणि त्यांच्याच सावलीत कोंबड्या चरतात. तरीही त्या सहसा मरत नाहीत. याचे कारण असे की, मोकळी फिरणारी आणि पोट भरलेली कोंबडी निवडून खाते. कडू किंवा चिकाळ पान ती एकदा टोचून सोडून देते.

ही निवड तीन प्रसंगी नाहीशी होते. पहिला प्रसंग कोंडून ठेवण्याचा. पेरणीच्या वा रोवणीच्या दिवसांत कोंबड्या झाकून ठेवतात. मग समोर पडेल ते त्यांना खावे लागते. दुसरा प्रसंग दळून मिसळण्याचा. विषारी बी अखंड असताना कोंबडी ते बाजूला सारू शकते. तेच भरडून कण्यांत मिसळले तर तिला ते वेगळे काढता येत नाही. तिसरा प्रसंग पिलांचा. पिलाला अनुभव नसतो, ते हालणाऱ्या व चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूवर चोच मारते, आणि त्याच्या लहान शरीराला थोडे विषही पुरते.

थोडक्यात, कुंपणावर उभ्या असलेल्या विषापेक्षा सुपातून आणि टोपलीतून दिलेले विष अधिक घातक असते. पुढील सर्व विवेचन या एका सूत्रावर आधारलेले आहे.

लाखोळी आणि इतर कच्ची कडधान्ये

धानाच्या बांधीत कापणीपूर्वी ओल असतानाच लाखोळी, जवस यांचे बी फेकून उतेरा पीक घेण्याची रीत या भागात जुनी आहे. लाखोळीच्या दाण्यात मज्जातंतूंवर परिणाम करणारे एक विष असते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६४ साली ते वेगळे करून त्याची ओळख पटविली. त्याची परीक्षा करताना एक दिवस वयाच्या कोंबडीच्या पिलांवर मान मागे ओढली जाणे, झटके येणे अशी लक्षणे दिसून आली. मोठी कोंबडी हे विष पुष्कळ अंशी सहन करते, कोवळे पिलू करीत नाही. हा फरक ध्यानात ठेवावा.

रतन, प्रतीक आणि महातिवडा या सुधारित वाणांत या विषाचे प्रमाण कमी ठेवण्यात आले आहे. परंतु ते पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. म्हणून लाखोळीचा चुरा पिलांना मुळीच देऊ नये. मोठ्या कोंबड्यांना द्यावयाचाच असेल तर दाणे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावे आणि इतर धान्यांत अल्प प्रमाणात मिसळावे. उकळलेले पाणीही कोंबड्यांना पाजू नये, कारण विष त्या पाण्यातच उतरलेले असते.

सोयाबीनची गोष्ट निराळी आहे. त्यात प्रथिने विपुल असली तरी कच्च्या दाण्यातील काही घटक प्रथिनांचे पचन रोखतात. पिले खातात, पण वाढत नाहीत. सोयाबीन नीट भाजून भरडले असता हा दोष जातो.

पेंडी : खत कोणते, खाद्य कोणते

एकाच कोठारात खताची पेंड आणि जनावरांची पेंड शेजारी ठेवणे हे विषबाधेचे एक मोठे कारण होऊ शकते. पुढील पेंडींविषयी विशेष सावध राहावे.

एरंडीची पेंड उत्तम खत आहे, पण त्यात बियांतील तीव्र विष उरलेले असू शकते. ती कोणत्याही पक्ष्याला देऊ नये. शेतात टाकल्यावर ती मातीत नीट मिसळावी व तोवर कोंबड्या तेथे सोडू नयेत.

मोहाची फुले वाळवून माणसे व जनावरे खातात. परंतु मोहाच्या बियांच्या पेंडीत फेस आणणारा विषारी घटक असतो. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तलावातील नको असलेले मासे मारण्यासाठी हीच पेंड वापरतात, यावरून तिची तीव्रता समजावी. करंजाची पेंडही खतासाठीच राखून ठेवावी.

सरकीची पेंड गाईम्हशींना चालते, म्हणून ती कोंबड्यांनाही चालेल असा समज होतो. तिच्यातील एका रंगद्रव्यामुळे साठविलेल्या अंड्यातील बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि तेलातील दुसऱ्या घटकामुळे पांढरा भाग गुलाबी होतो. अशी अंडी बाजारात कोणी घेत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ती न देणेच बरे.

जवसाच्या पेंडीत ‘ब’ गटातील एका जीवनसत्त्वाला निष्प्रभ करणारा घटक असल्यामुळे पिलांची वाढ खुंटते. गुरांसाठी चांगली असलेली ही पेंड कोंबड्यांच्या खाद्यात अगदी थोडी असावी आणि पिलांच्या खाद्यात नसावी.

तरोटा आणि रानटाकळा

पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी भाजी घरोघरी होते. ही भाजी कोंबड्यांनी टोचल्यास भिण्याचे कारण नाही. धोका आहे तो पुढे शेंगा वाळल्यानंतरच्या बियांत, आणि त्याहून अधिक तरोट्यासारख्याच दिसणाऱ्या रानटाकळ्यात. यास कासविंदा असेही नाव आहे.

दोहोंतील भेद ओळखणे अवघड नाही. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात व त्या टोकाशी गोलसर असतात; शेंग बारीक, लांब व कोयतीसारखी वाकलेली असते. रानटाकळ्याला चार ते सहा जोड्या असतात, पर्णिका टोकदार असतात आणि शेंग चपटी, जवळजवळ सरळ व कडेला फिकट रेघ असलेली असते.

रानटाकळ्याचे बी खाद्यात मिसळले गेले तर कोंबड्यांच्या हृदयाचे व पायांचे स्नायू झिजतात. पक्षी अशक्त होतो, लडखडतो, बसून राहतो, अंडी कमी होतात. मक्यासारख्या पिकात हे तण वाढले म्हणजे कापणीत त्याचे बी धान्याबरोबर येते. हे बी माणसालाही घातक आहे. ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात २०१६ साली झालेल्या बालमृत्यूंशी तज्ज्ञांनी याच वनस्पतीच्या बियांचा संबंध जोडला होता. म्हणून घराजवळचा रानटाकळा शेंगा धरण्यापूर्वी मुळासकट उपटावा. त्यात कोंबड्यांचे व मुलांचे दोघांचेही हित आहे.

गाळणीतील तणांचे बी

खळ्यावर धान्य पाखडल्यानंतर उरलेली गाळण कोंबड्यांपुढे टाकण्याची सर्वत्र पद्धत आहे. धान्याचे दाणे वाया जाऊ नयेत हा हेतू योग्यच आहे. परंतु गाळणीत तणांचे बी एकवटलेले असते. पिवळ्या फुलांच्या काटेरी धोतऱ्याचे बारीक काळे बी मोहरीसारखे दिसते. ते पोटात गेल्यास कोंबड्यांच्या शरीरात पाणी साठून सूज येते व पक्षी मरतात. याच बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत माणसांमध्ये जलशोथाची साथ उद्भवली होती. पांढऱ्या धोतऱ्याचे बीही खाद्यात नको. गाळण बारीक चाळणीने पुन्हा चाळावी. खाली पडलेले बारीक काळे बी पुरावे किंवा जाळावे.

गुंजेचे लाल-काळे बी दिसावयास आकर्षक असते. त्याचे कवच कठीण असल्याने अखंड बी पुष्कळदा तसेच बाहेर पडते. फुटलेले वा भरडलेले बी मात्र अत्यंत घातक असते. कुंपणावर गुंजेचा वेल असल्यास शेंगा उकलण्यापूर्वीच काढून टाकाव्यात.

कुंपण व सावलीची झाडे

कण्हेर आणि पिवळी कण्हेर अथवा बिट्टी यांचे सर्व भाग हृदयावर परिणाम करणारे आहेत. ही झाडे तोडावीतच असे नाही. परंतु त्यांच्या फांद्या खुराड्यात बसण्याच्या दांड्या म्हणून वापरू नयेत, छाटलेला पाला कोंबड्यांच्या आवारात टाकू नये आणि त्यांची पाने पाण्याच्या भांड्यात पडू देऊ नयेत. रुई व घाणेरी यांनाही हाच नियम लावावा.

सुबाभळीचा पाला पौष्टिक आहे व त्यामुळे बलकाला चांगला पिवळा रंग येतो. पण त्यातील एका घटकामुळे अधिक प्रमाणात दिल्यास वाढ व अंडी दोन्ही घटतात. वाळलेल्या पाल्याची भुकटी एकूण खाद्याच्या शेकडा ५ भागांपेक्षा जास्त नसावी. हादग्याचा पाला शेळ्यांना उत्तम असला तरी पिलांना अपायकारक ठरतो, म्हणून तो कोंबड्यांच्या खाद्यात घालू नये.

चांगले धान्यही विष होते

वनस्पती विषारी नसतानाही तिच्यावर वाढलेली बुरशी विष निर्माण करते. इंग्लंडमध्ये १९६० साली सुमारे १ लाख टर्की पक्ष्यांची पिले एकाएकी मेली. प्रारंभी रोगाचे नावही कोणाला सांगता येईना. पुढे शोध घेता ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीत याचे मूळ सापडले. या विषास अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. बदकांची पिले त्यास सर्वाधिक बळी पडतात. कोंबड्या त्यामानाने टिकतात, पण त्यांचेही यकृत बिघडते, अंडी घटतात आणि रोगप्रतिकारशक्ती कमी होते.

कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला की धानाचे पुंजणे भिजतात. काळवंडलेला, कुबट वासाचा धान माणसाने खाण्याजोगा राहिला नाही म्हणून तो कोंबड्यांना व बदकांना घातला जातो. ही काटकसर महाग पडते. शिजविल्याने अथवा उन्हात वाळविल्याने हे विष नाहीसे होत नाही. धान साठविण्यापूर्वी ओलावा शेकडा १४ च्या आत येईपर्यंत वाळवावा, पोती लाकडी फळ्यांवर रचावी, आणि बुरशी आलेला माल खताच्या खड्ड्यात खोल पुरावा.

याच संदर्भात बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याचा उल्लेख आवश्यक आहे. पेरणीनंतर उरलेले औषध लावलेले बियाणे धुऊनसुद्धा कोंबड्यांना देऊ नये. थायरम या बुरशीनाशकामुळे कोंबड्या मऊ कवचाची अंडी देतात व पिलांचे पाय वाकडे होतात.

निर्धोक व उपकारक वनस्पती

वरील यादी वाचून परसातील सर्व हिरवळ काढून टाकण्याचे कारण नाही. उलट, हिरव्या पाल्याविना वाढलेल्या कोंबडीचे अंडे निकृष्ट होते. पुढील वनस्पती निःशंकपणे लावाव्यात.

शेवगा हे या कामी पहिल्या प्रतीचे झाड आहे. त्याच्या पाल्यात प्रथिने, चुना आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पुरवठा करणारे घटक भरपूर असतात. पाला सावलीत वाळवून, चुरून खाद्यात मिसळावा किंवा हिरवी फांदी खुराड्यात टांगावी. लसूणघास, बरसीम, चवळी, तुतीची पाने, कोबीची बाहेरची पाने आणि हरळी हीही चांगली. घराजवळ पाण्याची सोय असल्यास लहान खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरून अझोला वाढवावा. कोंबड्या व बदके तो आवडीने खातात. जंगलातील वा बांधावरील वाळवी पिलांना घालण्याची जुनी पद्धत शास्त्रदृष्ट्याही योग्य आहे, मात्र कीटकनाशक टाकलेल्या वारुळाची वाळवी घेऊ नये.

सावलीसाठी आंबा, पेरू, जांभूळ, बोर, चिंच व बांबू लावावेत. कडुनिंबाची सावली उत्तम व लाकूड दांड्यांसाठी निर्धोक आहे. त्याच्या निंबोळीची पेंड मात्र खाद्य नसून खत आहे. खुराड्यातील दांड्यांसाठी बांबू, पेरू अथवा जांभळाच्या फांद्या वापराव्यात.

पिंजऱ्यातील पक्षी

काही घरांत पोपट पिंजऱ्यात ठेवण्याची हौस आढळते. देशी पोपट पकडणे, विकणे वा पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. नवेगाव व नागझिऱ्याच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या लोकांनी तर हे विशेषेकरून ध्यानात ठेवावे. बजरी यासारखे पाळीव परदेशी पक्षी असतील तर त्यांना निवडीचे स्वातंत्र्य मुळीच नसते, म्हणून वरील सूत्र त्यांना दुप्पट लागू पडते. कण्हेरीची काडी दांडी म्हणून लावू नये. शोभेसाठी कुंडीत लावतात त्या डिफेनबेकियाचे पान टोचल्यास पक्ष्याचे तोंड व घसा सुजतो. अ‍ॅव्होकाडो हे परदेशी फळ माणसाला पौष्टिक, पण अशा लहान पक्ष्यांना प्राणघातक आहे.

रोग की विषबाधा

मानमोडी अथवा राणीखेत हा रोग उत्तराखंडातील राणीखेत या गावाच्या नावाने ओळखला जातो. यात श्वास लागतो, हिरवी हगवण होते, मान वळते. हा रोग एका घरातून दुसऱ्या घरात काही दिवसांत पसरतो आणि लस न दिलेले पक्षी त्यात अधिक मरतात. विषबाधेत एकाच घरचे, एकच खाद्य खाल्लेले अनेक पक्षी जवळजवळ एकाच वेळी आजारी पडतात. शेजारच्या घरी काही होत नाही. आणि पुष्कळदा भरपूर खाणारे धष्टपुष्ट पक्षी प्रथम पडतात. लाखोळीच्या विषानेही पिलाची मान वळते, म्हणून केवळ एका लक्षणावरून निर्णय करू नये. नवी पेंड, नवे पोते वा नवी गाळण केव्हापासून सुरू केली, हा प्रश्न आधी विचारावा.

विषबाधेचा संशय येताच पुढीलप्रमाणे करावे :

१. चालू खाद्य ताबडतोब काढून घ्यावे. स्वच्छ पाणी व माहितीतील चांगले धान्य द्यावे.

२. उरलेल्या खाद्यातील मूठभर नमुना कागदी पुडीत ठेवावा. तो फेकून दिल्यास कारण शोधण्याचा मार्गच बंद होतो.

३. नुकताच मेलेला एक पक्षी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, थंड जागी ठेवून, नमुन्यासह शक्य तितक्या लवकर पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवावा.

४. मेलेले अथवा मरणोन्मुख पक्षी कापून खाऊ नयेत, विकू नयेत. ते चुना टाकून खोल पुरावेत.

५. एकाहून अधिक घरांत मोठ्या संख्येने पक्षी मरू लागल्यास दवाखान्यास त्वरित कळवावे. महाराष्ट्रात २००६ साली नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला होता. अशा वेळी विलंब सर्वांनाच महाग पडतो.

ग्रामकार्यकर्त्यांचे कर्तव्य

या विषयाचा प्रचार व्याख्यानाने फारसा होणार नाही. परसातून एक फेरी मारल्याने होईल. पावसाळ्याच्या प्रारंभी कोंबड्या कोंडलेल्या असताना त्यांना काय घातले जाते ते पाहावे, आणि उरलेले प्रक्रियायुक्त बियाणे कोठे ठेवले आहे ते विचारावे. भाद्रपद-आश्विनात रानटाकळा ओळखवून उपटण्यास सांगावे. दिवाळीनंतर खळ्यावरील गाळण व भिजलेला धान तपासावा. फाल्गुनात लाखोळी घरी आली म्हणजे पिलांविषयी सूचना द्यावी. उन्हाळ्यात मोहाची व एरंडीची पेंड खरेदी होते, तेव्हा खताच्या पोत्यांवर डांबराने अथवा रंगाने ठळक खूण करावयास लावावी. ही माहिती घरातील स्त्रियांना आवर्जून द्यावी, कारण कोंबड्यांपुढे टोपली रिकामी करणारे हात बहुधा त्यांचेच असतात.

कोंबडीला मोकळेपणी निवडू दिले तर ती स्वतःला पुष्कळ जपते. जेथे तिची निवड माणूस आपल्या हाती घेतो, तेथे जपण्याची जबाबदारीही माणसावर येते. खाद्य टाकण्यापूर्वी ते हातात घेऊन पाहावे, हुंगावे आणि कोठून आले ते आठवावे. यास पैसा लागत नाही, आणि घरचे पक्षी वाचतात.